भूकंपाची खोली

आमच्या गावच्या घरात एक खोली आहे, तिला सगळे 'भूकंपाची खोली' म्हणतात. दहा बाय बाराची, विटा-सिमेंटची, वर पत्रे. आत कांदे, खताची पोती, फवारणीचा पंप आणि माझी आठवीतली सायकल. त्या खोलीत कुणी झोपलंय असं मला आठवत नाही. उन्हाळ्यात ती भट्टी असते आणि पावसाळ्यात पत्र्यावर ताशा वाजतो. सगळे झोपतात शेजारच्या जुन्या घरात. पाच खणांचं माळवद, दोन-अडीच हात जाड दगड-मातीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर. दरवर्षी गळती लागली की त्यावर आणखी माती टाकायची, त्यामुळे तो थर माझ्या आजोबांच्या लग्नापासून वाढतच गेलेला.

आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं, ते अशाच घरांनी केलं. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, काही आकडे दहा हजारांपर्यंत जातात. आदल्या रात्री गणपती विसर्जन होतं, लोक दमून घरात झोपले होते. मी दीड वर्षाची होते. आमच्या गावात फार मृत्यू झाले नाहीत. जे मोजके झाले त्यांतला एक आमच्या घरातला. माझी धाकटी आत्या, बारा वर्षांची. ती मागच्या खोलीत भिंतीला लागून झोपली होती आणि मागची भिंत आत आली.

आजोबांनी ती भिंत परत बांधली. तेच दगड, तीच माती. आजी तेव्हापासून मागच्या खोलीतच झोपते.

नवं गाव वसवून मिळालेली ५२ गावं वेगळी. आमच्यासारख्या हजाराहून जास्त गावांमध्ये जागच्या जागी 'दुरुस्ती आणि बळकटीकरण' असा कार्यक्रम होता. सरकार हप्त्यानं पैसे देणार, त्यात जुन्या घराची मजबुती करायची किंवा भूकंपात टिकेल अशी नवी खोली बांधायची. आमच्या अख्ख्या गल्लीनं नवी खोली बांधली. इंजिनिअर आले, मापं घेतली, फोटो काढला, शेवटचा हप्ता मिळाला. खोली आजही ठणठणीत आहे. तिला तडासुद्धा गेलेला नाही.

हे सगळं मला कधी विचित्र वाटलं नाही. घर असंच असतं, असं वाटायचं. विचित्र वाटलं ते २०१७मध्ये, नेपाळच्या नुवाकोट जिल्ह्यातल्या एका डोंगरावर. एका बाईच्या नव्याकोऱ्या भूकंपरोधक घरात मी वाकून शिरले, तर आत चार बकऱ्या बांधलेल्या होत्या.

---

नेपाळशी माझी पहिली ओळख लॅपटॉपवर झाली. २५ एप्रिल २०१५, शनिवार. पुण्यात आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष, थिसिसचं सबमिशन डोक्यावर. तिकडे ११ वाजून ५६ मिनिटांनी ७.८ मॅग्निट्यूडचा धक्का बसला. संध्याकाळी हॉस्टेलच्या ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकली. उपग्रहाच्या फोटोवरून रस्ते आणि घरं नकाशावर रेखाटायची होती, म्हणजे मदत घेऊन जाणाऱ्यांना वाट कळेल. ओपन-स्ट्रीट-मॅप. मी रात्रभर गोरखा जिल्ह्यातल्या घरांभोवती चौकोन काढत बसले. सकाळी थिसिसच्या गाईडची बोलणी खाल्ली.

नंतर कळलं की आमच्यासारखे जगभरातले हजारो लोक रात्री जागवत होते, ते ज्या नकाशावर काम करत होते तो आदल्या दोन-तीन वर्षांत काठमांडूतल्या पोरांनी घडवलेला होता. 'काठमांडू लिव्हिंग लॅब्ज' नावाच्या छोट्या गटानं शाळा, दवाखाने, गल्ल्या एकेक करून नकाशावर चढवल्या होत्या. तेव्हा ते काम कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. भूकंप झाला आणि दोन दिवसांत तो नकाशा सगळ्यांना हवा झाला.

मी जशी नेपाळबद्दल वाचत गेले तशा अशा गोष्टी सापडत गेल्या. आपल्या चॅनेलांवर तेव्हा फक्त ढिगारे आणि रडणारी माणसं होती. इतकी, की नेपाळी लोकांनी ट्विटरवर भारतीय मीडियाला 'घरी जा' म्हणून सांगितलं आणि तो हॅशटॅग ट्रेंड झाला. पण हा देश झोपला होता आणि भूकंपानं त्याला गाठलं, असं चित्र खरं नव्हतं. नेपाळात काही माणसं वीस-बावीस वर्षं ह्याच दिवसाची तयारी करत होती.

नेपाळला हा विषय नवा नाही. १५ जानेवारी १९३४चा भूकंप तिथे 'नब्बे सालको भुइँचालो' म्हणून ओळखला जातो, कारण विक्रम संवताचं ते १९९०वं साल. (ह्याच भूकंपात बिहार उद्ध्वस्त झाला. गांधीजींनी ती अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचं म्हटलं आणि टागोरांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. आमची आजी ह्या वादात गांधीजींच्या बाजूनं असते, फक्त तिच्या मते पाप वेगळं होतं.) मग १९८८ला पूर्व नेपाळात मोठा धक्का बसला, सातशेवर माणसं गेली. त्यानंतर इमारतींची नियमावली लिहायला घेतली. ती तयार झाली १९९४च्या सुमाराला आणि तिला सरकारी मान्यता मिळाली २००३ला. मधली नऊ वर्षं ती कपाटात होती.

पण त्या नऊ वर्षांत कपाटाबाहेरही कामं चालू होती. १९९३ला, म्हणजे किल्लारीच्याच वर्षी, काठमांडूत 'एनसेट' नावाची संस्था सुरू झाली. तिथल्या इंजिनिअरांनी हिशेब मांडला की १९३४सारखा भूकंप आज काठमांडू खोऱ्यात झाला तर ४० हजार माणसं मरतील. आकडा सांगितला की लोक घाबरतात आणि मग आपापल्या कामाला लागतात, हे त्यांनाही कळत होतं. म्हणून त्यांनी एक शाळा निवडली. भक्तपूरजवळच्या नांगखेल गावातली भुवनेश्वरी शाळा. ती मजबूत करायचं काम बाहेरच्या ठेकेदाराला न देता गावातल्याच गवंड्यांना शिकवून करून घेतलं. शाळा पक्की झाली, आणि गवंडी गावातच राहिले. पुढे गावात घर बांधायला निघालेला माणूस त्याच गवंड्याकडे जाणार. त्याला मुद्दाम कुठली जागृती करावी लागत नाही, गवंड्याचा हातच आता तसा वळलेला असतो.

ह्या पद्धतीनं शाळा वाढत गेल्या. २०१५पर्यंत एकट्या काठमांडू खोऱ्यात दीडशेच्या वर शाळांच्या इमारती मजबूत करून झाल्या होत्या आणि त्या भूकंपात उभ्या राहिल्या. बाकी देशात ७ हजारांवर शाळांचं नुकसान झालं. शनिवार नसता तर काय झालं असतं, ह्याचा विचार नेपाळात प्रत्येक आईनं एकदा तरी केलेला आहे. तिथे शनिवारी सुट्टी असते, आणि भर दुपार असल्यामुळे बरीच माणसं शेतात होती. सुमारे पाच लाख घरं जमीनदोस्त झाली, माणसं गेली नऊ हजारांच्या आसपास. किल्लारीत पहाट होती. मी हे दोन आकडे मनात नेहमी शेजारी शेजारी ठेवते.

आणखीही तयारी होती, सगळी तशीच कंटाळवाणी. २०१३ला सरकारनं खोऱ्यातल्या ८३ मोकळ्या जागा ठरवून राजपत्रात छापल्या होत्या, भूकंपानंतर लोकांनी कुठे जमायचं त्यासाठी. मोठ्या हॉस्पिटलांनी शेकडो जखमी एकदम आले तर काय करायचं, ह्याच्या रंगीत तालमी केल्या होत्या. त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच, म्हणून आवारात मदतीचा माल उतरवून लावायला वेगळी जागा तयार केली. ती जागा सुरू झाली मार्च २०१५मध्ये. महिनाभर आधी! तरी पुढे जड विमानांनी धावपट्टी खचायला लागली आणि मोठी विमानं बंद करावी लागली. पण ती जागा नसती तर काय गोंधळ उडाला असता, ह्याची कल्पना केलेली बरी.

परदेशी बचाव पथकांबद्दल मात्र मला जरा वेगळं वाटतं. भारताची पथकं काही तासांत पोचली, ह्याचं कौतुक आहेच. पण जगभरातून आलेल्या पथकांनी, कुत्री आणि कॅमेरे आणि सगळ्या यंत्रांनिशी, ढिगाऱ्यातून जिवंत काढलेली माणसं विसाच्या आत होती. बाकी हजारो माणसं शेजाऱ्यांनी काढली, हातांनी आणि फावड्यांनी, पहिल्या काही तासांत. आमच्या आत्याला बाहेर काढलं तेही समोरच्या घरातल्या दोघांनी. लष्कर आलं तोवर तिचे अंत्यसंस्कार होऊन गेले होते.

---

मी नेपाळला गेले ती एका संस्थेतर्फे, गवंड्यांच्या प्रशिक्षणाच्या कामावर. भूकंपाला दोन वर्षं झाली होती. पुनर्निर्माण प्राधिकरण स्थापन व्हायलाच २०१५चा डिसेंबर उजाडला होता. मधे चार-पाच महिने भारताच्या सीमेवर नाकाबंदी झाली, तेव्हा गॅस, डिझेल, सिमेंट काहीच येत नव्हतं. नुवाकोटला पहिल्याच आठवड्यात एका चहावाल्यानं मला 'इंडियन?' असं विचारलं आणि चहा देऊन झाल्यावर त्या नाकाबंदीबद्दल पंधरा मिनिटं ऐकवलं. मी ऐकून घेतलं. पैसेही त्यानं घेतले, ते बरंच झालं.

सरकारची योजना कागदावर चांगली होती. ठेकेदार गाव बांधणार नाही, ज्याचं घर त्यानंच बांधायचं. प्रत्येकाला तीन लाख नेपाळी रुपये, तीन 'किस्त्यां'त. आधी ५० हजार, पाया नीट झाला असं इंजिनिअरनं तपासलं की दीड लाख, भिंती झाल्या की उरलेले एक लाख. पैसे तपासणीशी बांधल्यामुळे पहिल्यांदाच लाखो घरांच्या भिंतींत पट्टे पडले, कोपरे बांधले गेले. ह्या आकाराचं काम जगात फार ठिकाणी झालेलं नाही.

माझं काम होतं डकर्म्यांना, म्हणजे गवंड्यांना, दगडी भिंत शिकवायचं. खरं तर त्यांना भिंत माझ्यापेक्षा शंभर पटींनी जास्त कळत होती. मी फक्त ती पडते कशी ते सांगायचे. दगडाची जाड भिंत ही एक भिंत नसतेच. आतून एक रांग, बाहेरून एक रांग, मधे चिपा आणि माती कोंबलेली. दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी असावीत तशी. जमीन हलली की त्या दोघी वेगळ्या होतात, पोट फुगतं, आणि एक आत पडते, एक बाहेर. उपाय अगदी साधा. मधे मधे भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालायचा. आडवा दर चार फुटांवर, उभा दर दोन फुटांवर. तसा दगड मिळत नसेल तर काँक्रीटचा ओतायचा. मग पायापाशी, खिडकीखाली, चौकटीवर आणि छताखाली घराला कंबरपट्टा बांधल्यासारखे आडवे पट्टे. एवढंच. भूकंपानं माणूस मरतो तो मुख्यतः ह्या 'एवढंच'च्या अभावी.

पहिल्या दिवशी मी हे फळ्यावर काढत होते आणि अचानक माझा खडू थांबला. मी आमची मागची भिंत काढत होते. दोन रांगा, मधे माती, आडवा दगड एकही नाही. मला तोवर ते कधी सुचलंच नव्हतं, आणि मी आर्किटेक्ट झाले होते.

बाजारात आम्ही कधी कधी हलत्या टेबलाचा खेळ करायचो. स्प्रिंगांवरच्या पाटावर दोन छोटी घरं, दिसायला जुळी. एकात पट्टे आणि आरपार दगड, दुसऱ्यात काही नाही. पाट ओढून सोडला की एक कोसळायचं, दुसरं थरथरून उभं राहायचं. पोरं टाळ्या पिटायची. एकदा एक म्हातारे गृहस्थ सगळं शांतपणे बघून पुढे आले आणि उभ्या राहिलेल्या घराकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यात मकई कुठे टांगायची?" लोक हसले. मीही हसले. तो प्रश्न मला त्या दिवशी कळलाच नाही.

तो कळला बकऱ्यांच्या घरात. आमाचं नवं घर एका खोलीचं होतं, तपासणीत पास, तिन्ही किस्ते मिळालेले. सरकारच्या नमुना-पुस्तिकेत १७ प्रकारची घरं होती, पण तीन लाखांत, तेही माल खांद्यावर वाहून आणायचा असेल तिथे, जेमतेम एक खोली व्हायची. अशा एका खोलीच्या घरांनी डोंगर भरून गेले होते. शेजारी आमाचं जुनं घर. दुमजली, दगड-मातीचं, कोपऱ्याला हाताचा पंजा जाईल एवढी चीर, वर भूकंपानंतर घातलेला 'जस्तापाता'. आमा, तिचा नवरा आणि नातू त्या घरात राहत होते.

"आमा, तुम्ही नव्या घरात का झोपत नाही?" मी मोडक्या नेपाळीत विचारलं.

तिनं मला वर नेलं. माडीवर मक्याची कणसं, कोदोची पोती, बियाण्याचे भोपळे. खाली चूल, चुलीच्या उबेनं धान्य कोरडं राहायचं. "तिकडे चूल मांडली तर झोपायचं कुठे? झोपले तर धान्य कुठे ठेवू? बकऱ्यांना कळत नाही, त्या राहतात."

मी त्या माडीवर उभी होते आणि मला कांदे आठवले. खताची पोती. पंप. सायकल.

मला राग आला होता हे कबूल करते. आधी आमाचा, मग सरकारचा, मग माझाच. आम्ही सगळे, नेपाळ सरकार, महाराष्ट्र सरकार, जागतिक बँक, मी आणि माझा फळा, एक सुरक्षित खोली बांधून 'काम झालं' म्हणत होतो. माणूस रात्री कुठे झोपतो, हे कुठल्याच तक्त्यात लिहायला रकाना नव्हता. नेपाळात जुनं घर मजबूत करायला वेगळे एक लाख रुपये मिळत होते. पण ते घेतले की नव्या घराचे तीन लाख गेले. मग कोण घेणार? आमच्याकडे १९९५मध्ये लोकांनी केलेला हिशेबही हाच होता. लोक हिशेबाला कच्चे नसतात, हप्ता बरोबर तिथेच खर्च होतो जिथे तो मिळतो.

आमच्या गटातल्या एका दाइनं मात्र आमाचं घर सोडलं नाही. पन्नाशीचा डकर्मी, स्वतःचं घर भूकंपात गेलेलं. तो म्हणाला, ही चूल सोडणार नाही, म्हणून घरच हलकं करू. माडीचा वरचा अर्धा भाग उतरवला. धान्यापुरती बुटकी माडी ठेवली, दगडाऐवजी लाकूड आणि पत्र्याची. खालच्या भिंतींत ठरावीक अंतरावर भोकं पाडून, सळईचे आकडे घालून, काँक्रीट भरून दोन्ही रांगा एकमेकींना बांधल्या. भोक पाडताना हातोडा मारायचा नाही, हे त्यानं मला शिकवलं. हातोड्यानं आतली माती ओघळते आणि भिंतच बसते. लहान दगड हलवून हलवून, दात काढतात तसा काढायचा. ह्याला किस्ता मिळाला नाही. संस्थेच्या अहवालातही ते घर मोजलं गेलं नाही, कारण ते 'नवीन' नव्हतं.

---

मी परत आले, नोकरीला लागले. दरम्यान नेपाळनं बरंच काही केलं. २०१७ला आपत्ती व्यवस्थापनाचा नवा कायदा, १९८२चा जुना होता तो नुसता मदतवाटपापुरता होता. २०१९ला स्वतंत्र राष्ट्रीय प्राधिकरण. वाडा-पालिकांकडे अधिकार गेले. लाखो घरं पुन्हा उभी राहिली, हजारो डकर्मी आणि कितीतरी बायका हे काम शिकल्या. मी हे सगळं अभिमानानं लोकांना सांगायचे, जणू माझाच देश आहे.

३ नोव्हेंबर २०२३ला रात्री पावणेबाराला पश्चिम नेपाळात जाजरकोटला भूकंप झाला. २०१५च्या मानानं कितीतरी लहान. दिल्लीत पंखे हलले म्हणून आपल्याकडे मीम आले. सकाळपर्यंत तिकडे दीडशेवर माणसं गेलेली होती. दगड-मातीची घरं आणि झोपेची वेळ.

दाइचा व्हॉट्सॅपवर मेसेज आला. एक फोटो, पडलेल्या भिंतीचा. खाली एकच ओळ, की बहिनी, बघ, आरपार दगड एकही नाही.

जाजरकोट २०१५च्या नुकसानग्रस्त जिल्ह्यांत नव्हता. त्यामुळे तिकडे अनुदान नाही, तपासणी नाही, प्रशिक्षण नाममात्र. पश्चिम नेपाळात १५०५नंतर खूप मोठा भूकंप झालेला नाही, म्हणजे तिथे तो कधी ना कधी होणार हे प्रत्येक शास्त्रज्ञ सांगत होता. पण पैसा जिथे घरं पडली तिथे गेला, जिथे पडणार होती तिथे गेला नाही. नव्या प्राधिकरणामुळे सैन्य, पोलीस, हेलिकॉप्टर आधीपेक्षा लवकर पोचले हे खरं. मग थंडी आली आणि ताडपत्रीखाली राहणारी माणसं गारठून गेल्याच्या बातम्या येत राहिल्या.

किल्लारीही तेव्हा नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. आजी सांगते, आदल्या वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला जमीन गुरगुरायची, भांडी वाजायची. लोक काही दिवस अंगणात झोपले. मग थंडी पडली आणि सगळे आत गेले.

त्या रात्री मी अण्णांना फोन केला. म्हटलं, "अण्णा, मागची भिंत."

"काय झालं मागच्या भिंतीला?"

"काही झालं नाही. म्हणूनच."

---

२०२४च्या मे महिन्यात मी पंधरा दिवसांची रजा काढून गावी गेले. आजीला भूकंपाच्या खोलीत हलवायचा विषय मी काढलाच नाही. तेवढं नेपाळात शिकले होते. आधी माळवदावर चढले. थर खणून बघितला तर माती कंबरेच्या थोडीच खाली. वरची जास्तीची माती उतरवली ती दोन ट्रॉल्या भरली. शेजारचे काका म्हणाले, "पोरगी शिकून आली आन् बापाचं घर उकरायली." खाली प्लॅस्टिकचा कागद घातला, वर बेताची माती ठेवली.

भिंतींसाठी गावातलाच गवंडी बोलावला. त्याला मी फळ्यावर काढून दाखवलं, पटलं नाही. मग दाइला व्हिडिओ कॉल लावला. नुवाकोटहून दाइ, औशाकडचा गवंडी, दोघांची हिंदी सारखीच धन्य. मी फोन धरून उभी. "भाई, मारना नहीं, हिलाना," दाइ सांगत होता. गवंड्यानं पहिला दगड हलवून काढला तेव्हा आतून सुकी माती भसाभसा बाहेर आली, मुठीएवढ्या चिपा, एक जुनं ढब्बू पैशाचं नाणं आणि उंदराचं घरटं. अण्णा बघत उभे होते. एकसष्ट वर्षांचा माणूस, ह्या घरात जन्मलेला. त्यांनी भिंतीच्या आत हात घातला, कोपरापर्यंत गेला. काही बोलले नाहीत, चहा आणायला गेले.

पुढची भिंत आणि दोन्ही बाजूंच्या भिंती नऊ दिवसांत झाल्या. आकडे, काँक्रीट, वर जाळीचा पट्टा, त्यावर गिलावा. मागच्या भिंतीपाशी आलो तेव्हा आजी खाटेवरून उठली नाही. काम चालू असताना आठ दिवस दुसरीकडे झोपायला लागणार होतं.

"आजी, आठच दिवस. मग परत इथंच."

"तुजा आजाबी म्हणला व्हता, चार दिवस भाईर झोपू," ती म्हणाली. "मी एकलीच आत व्हते तवा. पोरगी माज्यापाशी झोपली व्हती, तिला उकडाय लागलं म्हनून ती भिताडाकडं सरकली."

हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. अण्णांनाही माहीत नसावं, ते दारात थांबले होते. त्या दिवशी पुढे काही बोलणं झालं नाही. माझी रजा संपली, पैसेही संपले. अण्णा म्हणाले, मागची भिंत सोयाबीन निघाल्यावर करू, तोवर मी बोलतो आईशी.

सोयाबीन निघालं. भाव हमीभावाच्याही खाली होता, म्हणून अण्णांनी विकलं नाही. दिवाळीत गेले तेव्हा पोती भूकंपाच्या खोलीत छतापर्यंत थप्पी लावून ठेवलेली होती, सायकल बाहेर काढून. आजी मागच्या खोलीत झोपली होती. खाट भिंतीपासून दोन हात पुढे ओढलेली होती. कुणी ओढली ते मी विचारलं नाही.